दोन्ही कान पास

वैजापूर, २ डिसेंबर २०२३

चि. उमास अनेक आशीर्वाद.

चि. मिहिर काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही कानांनी पास झाला. परिचारिका आवडाबाई यांनी कान तपासणीच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी माझ्यासमक्ष फाडून हाती दिली. डावा पास, उजवा पास, खाली आवडाबाईंची सही आणि दवाखान्याचा शिक्का. त्यामुळे शंकेला जागा उरलेली नाही.

माझ्या पहिल्या नातवाच्या कानांची बातमी आधी तुला कळवतो, कारण तू कानांची तज्ज्ञ भाची आहेस आणि हे यंत्रही तूच सुचवले होतेस. आमच्या कृतार्थ ज्येष्ठ नागरिक मंडळाने ते दवाखान्यात बसवल्याला दीड वर्ष झाले. नोंदवही माझ्याकडे असते. मिहिरचा अनुक्रमांक एकशे त्र्याऐंशी. आजवर तपासलेली बाळे एकशे त्र्याऐंशी, पास एकशे त्र्याऐंशी. अध्यक्ष नानासाहेब यांनी दाराबाहेर 'शंभर टक्के' असा फलक लावायला सांगितला आहे. तहसील कचेरीत मी छत्तीस वर्षे काढली, पण शंभर टक्के कामकाज पहिल्यांदाच पाहतो आहे.

बाळ अनंत चतुर्दशीला तिकडे शहरात रुजू झाले, तारखेच्या पाच आठवडे आधी. थोडी कावीळ होती म्हणून तिथल्या डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतले. सोडताना कार्डावर 'श्रवण तपासणी करून घ्यावी' असा शेरा मारला होता. त्याची पूर्तता झाली. सूनबाई मनस्विनी आणि बाळ सध्या इकडेच आहेत. हिमांशूने बीड बायपासला चौथ्या मजल्यावर घर घेतले, तिथे लिफ्ट चढते पण पाणी चढत नाही. तो चितेगावच्या कारखान्यातून शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो.

उत्तर पत्रानेच पाठव. हल्ली फोनवर माणसे शब्द चघळतात.

तुझा
अनंतमामा

•

छत्रपती संभाजीनगर, ९ डिसेंबर २०२३

ती. अनंतमामांस साष्टांग नमस्कार.

मिहिरची बातमी वाचून बरं वाटलं. मामीला सांगा, बाळंतविड्यातलं दुपटं मी अजून पाठवलेलं नाही, पण विसरलेलेही नाही.

पत्र मिळाल्यावर मी दोनदा फोन केला होता. तुम्ही दोन्ही वेळा 'ठीक, ठीक, छान' म्हणून ठेवून दिलात. मामा, मी प्रश्न विचारले होते. म्हणून आता लिहूनच विचारते. बाळ काचेच्या पेटीत किती दिवस होतं? कावीळ जास्तीत जास्त कितीवर गेली होती? आणि बाळाचं रक्त बदलावं लागलं होतं का? तिन्हींची उत्तरं त्या सोडतानाच्या कार्डावर असतील.

दुसरी शंका धंद्यातली. पहिल्या तपासणीत दहा-पंधरा बाळांतलं एखादं तरी 'पुन्हा' येतंच. कानात थोडा मळ असला, बाळ हललं, तरी येतं. तुमच्याकडे एकशे त्र्याऐंशीत एकही नाही, हे कसं जमतं?

आमच्याकडे नळाला नवव्या दिवशी पाणी आलं. पण एक गोष्ट दुष्काळाने चांगली केली. माझ्या दवाखान्याला लागून अकरा मजली इमारत उठते आहे. तिच्या ठोकाठोकीने वर्षभर मला बाळांच्या तपासण्या नीट करता येत नव्हत्या. आता बांधकामाला टँकर मिळत नाही म्हणून काम बंद आहे. इतकी शांतता या रस्त्यावर मी पंधरा वर्षांत ऐकली नव्हती.

तुमची
उमा

•

वैजापूर, २० डिसेंबर २०२३

चि. उमास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील मुद्द्यांबाबत खुलासा पुढीलप्रमाणे.

'पुन्हा' येत नाही असे नाही. येते. पण 'पुन्हा' म्हणजे काम अपुरे, आणि अपुरे काम नोंदवहीत चढवायचे नसते, हा माझा नोकरीपासूनचा नियम आहे. आवडाबाई त्या बाळाला दुसऱ्या दिवशी बोलावतात, तिसऱ्या दिवशी बोलावतात, पास झाले की मी नोंद करतो. मिहिर मात्र पहिल्याच फेरीत पास झाला, हे मुद्दाम नमूद करतो.

काचेत किती दिवस, वगैरे. कार्ड हिमांशूच्या कपाटात आहे, कपाट बीड बायपासला आहे. बाळाचे वजन सव्वाचार किलो भरले. अंगकाठी माझ्यावर गेली आहे.

तुझ्या समाधानासाठी तुझ्या मामीने घरी स्वतंत्र चौकशी केली. रोज सकाळी पाळण्यामागे उभे राहून ताटावर पळी वाजवायची आणि बाळ वळते का ते पाहायचे. सात दिवसांपैकी चार दिवस वळले, तीन दिवस नाही. बहुमताने ऐकू येते. उरलेल्या तीन दिवसांबद्दल मामीचे म्हणणे असे, की पोरगा हट्टी आहे.

११ फेब्रुवारीला दोनशेव्या बाळाचा कार्यक्रम ठरतो आहे. नानासाहेबांच्या मनात प्रमुख पाहुणी म्हणून तू आहेस. निमंत्रणपत्रिका छापायला टाकायची आहे, तरी संमती कळव.

अनंतमामा

•

छत्रपती संभाजीनगर, २ जानेवारी २०२४

ती. अनंतमामांस साष्टांग नमस्कार.

तीन प्रश्न विचारले आणि वजन कळलं. तुम्ही कोणत्या कचेरीत होतात ते लक्षात आहे माझ्या, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण हा प्रश्न मी सोडणार नाही.

चार दिवस वळलं, तीन दिवस वळलं नाही, यानेच माझी झोप उडाली. ठार ऐकू न येणारं बाळ सातही दिवस वळत नाही. ऐकू येणारं बहुतेक वेळा वळतं. कधी हो कधी नाही, ही तिसरी जात असते, आणि ती आपल्या यंत्राला दिसत नाही.

तुमच्या भाषेत सांगते. कचेरीत अर्ज आला. आवक खिडकीने घेतला, शिक्का मारला, पोच दिली. आपलं यंत्र फक्त ही पोच बघतं. कानात बारीक आवाज सोडला की आतल्या पेशी उलट एक सूक्ष्म प्रतिध्वनी देतात. तो आला की यंत्र म्हणतं, पास. पण खिडकीतून अर्ज साहेबांच्या टेबलावर नेणारा शिपाई, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतची नस, कामावर आहे की नाही, पानं गाळतो का, उलटसुलट लावतो का, ते पोच बघून कळत नाही. मामा, छत्तीस वर्षांत पोच मिळालेल्या अर्जांपैकी किती साहेबांच्या टेबलावर पोचले?

लवकर जन्मलेल्या, काचेत राहिलेल्या, कावीळ फार चढलेल्या बाळांत हा शिपाईच आजारी पडतो. त्यासाठी दुसरी तपासणी असते, तिला बेरा म्हणतात. डोक्याला दोन-तीन चकत्या चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो नसेतून वर गेला का ते बघतात. दुखत नाही. बाळ झोपलेलं हवं, इतकंच. माझ्याकडे होते.

बोलणं शिकायची वेळ ठरलेली असते. सहा महिन्यांच्या आत कळलं तर पुष्कळ करता येतं. दोन वर्षांनी 'अजून बोलत कसा नाही' म्हणून आणलात, तर मला जे सांगावं लागेल ते मी आठवड्याला एकदा तरी कुणा ना कुणाला सांगते. मिहिरच्या बाबतीत ते सांगायची वेळ आणू नका. कोणत्याही मंगळवारी आणा.

तुमची
उमा

•

वैजापूर, १५ जानेवारी २०२४

चि. उमास आशीर्वाद.

तुझा कचेरीचा दाखला अपमानास्पद आहे. चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु शिपायावर ठपका ठेवण्यापूर्वी लेखी पुरावा लागतो, आणि लेखी पुरावा तूर्त पासचा आहे.

मी दफ्तर काढले. यंत्र घेण्यापूर्वी तू ११ एप्रिल २०२२ रोजी मंडळाला पाठवलेल्या पत्रात एकूण नऊ मुद्दे आहेत. त्यातील सातवा असा : 'काचेत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळांना या यंत्रावर सोडून न देता त्यांची बेरा तपासणी शहरात करावी.' हा मुद्दा छापील नमुन्यात आला नाही, कारण नमुन्यात 'पास' आणि 'पुन्हा' असे दोनच रकाने बसत होते. तिसऱ्या रकान्याला कागद आडवा छापावा लागला असता. तो नमुना मी तुझ्याकडे मंजुरीसाठी पाठवला होता. तू खाली लिहिलेस, 'ठीक आहे, उद्घाटनाआधी छापून घ्या.' प्रत सोबत जोडली आहे. सही ओळखशील.

तेव्हा चूक कोणाची हा प्रश्न तू काढू नयेस, आणि मीही काढत नाही. ११ फेब्रुवारीच्या पत्रिकेत तुझे नाव छापले आहे.

अनंतमामा

•

(याच पाकिटातली चिठ्ठी)

उमाताई,

ही चिठ्ठी बाबांना न सांगता पाकिटात घालते आहे. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडेच असतं. फोन केला तर आई ऐकतात, मेसेज केला तर हिमांशू वाचतो. या घरात कागद फक्त बाबा वाचतात, आणि लिहून झालेलं पत्र ते पुन्हा उघडत नाहीत.

मिहिर काचेत अकरा दिवस होता. कावीळ चोवीसवर गेली होती. दोनदा रक्त बदललं. हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, कारण माझ्या आजोळी एका मुलाला ऐकू येत नव्हतं आणि लोक लगेच घराणं काढतात. कार्ड बीड बायपासला नाही, बाबांच्या नोंदवहीतच आहे.

त्याला न्हाऊ घालायला साळूबाई येते. ती सगळा वेळ बाळाशी बोलत असते. गेल्या आठवड्यात पाय चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, "सूनबाई, रागावू नका. म्या पन्नास-साठ लेकरं न्हाऊ घातली. लेकरू पाण्याला दचकतं, गार हाताला दचकतं. माझ्या बोलण्याला नाय. आवाज लागतो त्याला कधीमधी, बोलणं लागत नाय." मी म्हटलं, यंत्रात पास झालाय. तर म्हणाली, "व्हय, मशीन पास झालं आसंल. लेकराचं म्या सांगतेय."

आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजोबांवर गेलाय. ऐकून न ऐकल्यासारखं करतो."

ताई, मी त्याला रोज गाणी म्हणते. तो माझ्या तोंडाकडे बघतो. मी पाठ केली की बघायचा थांबतो. मला एवढंच विचारायचं आहे, की मी एकटी त्याला घेऊन आले तर चालेल का?

मनस्विनी

•

छत्रपती संभाजीनगर, २२ जानेवारी २०२४

ती. अनंतमामांस साष्टांग नमस्कार.

सही माझीच. नकलेची गरज नव्हती, ते वाक्य मला आठवत होतं. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते, पाहुण्यांची तारीख मिळाली होती, आणि मी नमुना गाडीत बसल्या बसल्या वाचला. सातवा मुद्दा गळला आहे हे मला दिसलं. पुढच्या छपाईत घालू म्हटलं. पुढची छपाई कधी झालीच नाही. तुम्ही कागदाची रुंदी बघितलीत, मी तारीख बघितली. दोघांच्या मध्ये जी बाळं गेली असतील ती कोणत्याच रकान्यात नाहीत.

म्हणून ११ फेब्रुवारीला मी व्यासपीठावर बसणार नाही. शंभर टक्क्यांना टाळ्या वाजवायला मला हात उचलवणार नाही. पत्रिका छापली असेल तर नाव तसंच राहू द्या, आजारी पडले म्हणून सांगा.

मिहिरला कुणीही घेऊन आलं तरी चालेल. आई एकटी आली तरी चालेल. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

आता एक तुमचं. रागावू नका. फोनवर तुम्हाला आवाज बारीक येतो, की आवाज पुरेसा येतो आणि शब्द लागत नाहीत? यातलं कोणतं? मला उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल, पण स्वतःला द्या. मिहिरला काय होत असेल ते तुम्हाला स्वतःवरून कळावं, म्हणूनच हे विचारते आहे.

तुमची
उमा

•

वैजापूर, १३ फेब्रुवारी २०२४

चि. उमास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिले नाही. कार्यक्रमाची गडबड होती, असे लिहिणार होतो. ते खरे नाही. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते आणि द्यायचे नव्हते.

परवाचा कार्यक्रम झाला. मंगल कार्यालय भरले होते. दीड वर्षात तपासलेल्या बाळांच्या आयांना बोलावले होते. तीस-पस्तीस तरी बाळे असतील. नानासाहेब भाषणाला उभे राहिले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मध्येच त्यांनी माझ्याकडे वळून ध्वनिक्षेपकावर काही विचारले. मी मान हलवली. गेली चार-पाच वर्षे मी असाच मान हलवतो. समोरचा हसला तर हसतो, गंभीर झाला तर गंभीर होतो. आवाज येतो, उमा. भरपूर येतो. शब्द येत नाहीत. डाळ शिजल्यासारखे सगळे एकजीव होऊन येते. मंडळाचा सचिव म्हणून माझ्याकडे श्रवण तपासणीचे खाते आहे, त्यामुळे हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

मी कशाला मान हलवली ते मला नंतर दिसले. आवडाबाईंनी मनस्विनीच्या हातातून मिहिरला घेतले आणि बाजूच्या खोलीत नेले. दोनशेव्या बाळाच्या निमित्ताने सचिवांच्या नातवाची तपासणी पुन्हा करून दाखवू का, असे नानासाहेबांनी विचारले होते. पाच मिनिटांनी आवडाबाई बाहेर आल्या. बाळ माझ्या मांडीवर दिले, चिठ्ठी नानासाहेबांना दिली. त्यांनी ती उंच धरली. पास. दोन्ही कान.

आणि दारात उभ्या केलेल्या हलगीवाल्यांनी एकदम हलगी धरली.

पत्र्याचे छप्पर आहे, तुला माहीत आहे. दोनशे माणसे टाळ्या वाजवू लागली. त्याबरोबर सभागृहातली झाडून सगळी बाळे एका दमात किंचाळून रडायला लागली. पस्तीसच्या पस्तीस. आया उठल्या, कोणी पदराखाली घेतले, कोणी बाहेर पळाल्या. नानासाहेब हात जोडून हलगी थांबवायला सांगत होते. एकच बाळ रडत नव्हते. ते माझ्या मांडीवर होते. माझ्या गळ्यातल्या हारातले झेंडूचे फूल त्याने मुठीत धरले होते, आणि ते तोंडात घालायच्या खटपटीत होते. दचकला नाही. पापणीसुद्धा हलली नाही. त्या गोंधळात सभागृहात शांत बसलेले आम्ही दोघेच होतो.

लोक म्हणाले, "काय गुणी बाळ आहे!" हे मला त्यांच्या तोंडावरून कळले.

मागच्या रांगेत साळूबाई उभी होती. ती रडणाऱ्या बाळांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तिच्याशी कधी बोललेलो नाही. घरी आल्यावर मनस्विनीला विचारले. तिने सगळे सांगितले, मग लिहून दिले. चिठ्ठीचेही सांगितले. तिला मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार कोणत्या नियमाखाली उरतो ते मला सापडले नाही.

अकरा दिवस. चोवीस. दोनदा. कार्ड माझ्याकडेच होते. मी ते तुझ्यापासून लपवले आणि नंतर विसरल्यासारखे केले. आता मूळ कार्ड सोबत पाठवतो.

येत्या मंगळवारी नको, हिमांशूला रजा नाही. त्याच्या पुढच्या, म्हणजे २७ तारखेला सगळे येतो. जमेल का ते उलट टपाली कळव.

तुझा
अनंतमामा

•

छत्रपती संभाजीनगर, १ मार्च २०२४

ती. अनंतमामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही निघताना म्हणालात, 'मला लेखी दे.' तपासणीनंतर मी आणि कानाचे डॉक्टर जे सांगत होतो त्याला तुम्ही सारखी मान हलवत होतात. ती मान आता मला वाचता येते. म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

आधी आपण यंत्रावर पाहिलं. कानाच्या आतल्या पेशी काम करतात. आवडाबाईंची चिठ्ठी खरी होती, दोन्ही वेळा. मग बेरा केली. सर्वांत मोठ्या आवाजालाही नसेतून वर काही नीट गेलं नाही. कागदावर जिथे डोंगर उठायला हवेत तिथे माळरान आहे. डॉक्टरांनी निदान लिहून दिलं आहे : कानाच्या नसेचा दोष, दोन्ही बाजूंनी. मिहिरच्या कानात आवाज शिरतो, वर जाताना विस्कटतो. एखाद्या दिवशी काही पोचतं, एखाद्या दिवशी नाही. मामीच्या चार आणि तीनचा हिशेब तोच.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही, कारण ते निश्चित नाही. कावीळ झालेल्या काही बाळांत ही नस पहिल्या वर्षात थोडी सुधारते. काहींत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा बेरा. तोवर कानामागे बसवायचं लहान यंत्र लावून बघायचं. त्याने काही मुलांना मदत होते, काहींना मुळीच नाही. नाही झाली तर वर्षाच्या सुमाराला आत बसवायच्या यंत्राचा विचार, म्हणजे शस्त्रक्रिया. आणि आजपासूनच सगळ्यांनी त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं, हाताच्या खुणा करायच्या. पाच महिन्यांचा आहे. उशीर झालेला नाही. हे वाक्य मी क्वचित लिहिते, म्हणून दोनदा वाचा.

येताना वाटेत बाळाला झोपू देऊ नका असं मी सांगितलं होतं. मनस्विनी सांगत होती, लासूरपर्यंत हिमांशूने गाडी चालवत मोठमोठ्याने गाणी म्हटली. मग ती म्हणाली, "अहो, गाणी कुणासाठी? थांबा, मी गुदगुल्या करते." शहर येईपर्यंत तिने गुदगुल्या केल्या म्हणे. पण तपासणीच्या वेळी मिहिर कसा गाढ झोपला! शेजारी काम बंद होतं. परवा त्यांना टँकर मिळाला, ठोकाठोकी सुरू झाली आहे. आपण एका दिवसाने वाचलो.

माझ्याकडून एक. तुमच्या नोंदवहीत दोनशे बाळं आहेत. त्यातली काचेत राहिलेली कोणती?

तुमची
उमा

•

वैजापूर, १० मार्च २०२४

चि. उमास अनेक आशीर्वाद.

तुझे वाक्य दोनदा वाचले. मनस्विनीने तिसऱ्यांदा वाचले, मग देवळात जाऊन आली.

नोंदवहीतून काचेतली बाळे निघत नाहीत, कारण तो रकानाच नाही. पत्ते मात्र पूर्ण आहेत, हा तेवढा एक माझा गुण. मंडळाची तातडीची बैठक बोलावली. सगळ्यांना पत्रे पाठवून चौकशी करावी असा ठराव मी मांडला. नानासाहेब भडकले. ते म्हणाले, "अनंतराव, तुमच्या एका नातवापायी एकशे नव्याण्णव घरांना घोर लावणार?" मी होय म्हणालो. त्यांनी नेमके हेच विचारले याची मला खात्री आहे, कारण मी प्रश्न कागदावर लिहून मागितला. मग ते म्हणाले, फलकाचे काय? मी सांगितले, फलक उतरवून त्याच्या मागच्या बाजूला 'काचेत राहिलेल्या बाळांनी आधी इथे विचारावे' असे रंगवून घेऊ. चार विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर झाला. बहुमतावर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही, पण या वेळी उपयोगी पडले.

एकशे नव्याण्णव पोस्टकार्डे मी आणि मनस्विनीने दोन दिवसांत लिहिली. आतापर्यंत चव्वेचाळीस उत्तरे आली. सहा बाळे काचेत होती, त्यातील तिघांना मोठी कावीळ झाली होती. पाच जण यायला तयार आहेत. सहावी अनुक्रमांक एकशे एक्क्याण्णव, संस्कृती, देवगाव रंगारी. तिच्या वडिलांचे, सांडू यांचे उत्तर असे : 'आमची पोरगी दोन्ही कानानं पास हाय. तुमच्याच दवाखान्याचा शिक्का हाय. चिठ्ठी लॅमिनेट करून भिंतीला लावली. आता परत कशाला बोलावता? येणार नाय.' हे पत्र वाचताना मला आपलेच अक्षर वाचतो आहे असे वाटले. त्याला पुन्हा पत्र लिहिण्यात अर्थ नाही. मी कोणत्या पत्राने ऐकले होते? कोणत्याच नाही.

तेव्हा पुढील कार्यक्रम कळवतो. गुरुवारी १४ तारखेला मी, मनस्विनी आणि साळूबाई देवगाव रंगारीला जात आहोत. बोलायचे साळूबाईने. ती म्हणते, "तुम्ही नुस्ते बसा आजोबा, कागद काढू नका." सांडूचे उत्तर मनस्विनी मला लिहून दाखवेल.

मंगळवारी १९ तारखेला सकाळी नऊला जीप निघेल. पाच बाळे, त्यांच्या आया आणि मिहिर. मिहिरला त्या दिवशी कानामागचे यंत्र लावणार असे तू मनस्विनीला फोनवर कळवले आहेस. तो दचकेल, रडेल किंवा काहीच करणार नाही, या तिन्हींची तयारी घरात झाली आहे. तुझ्या मामीची फक्त पहिल्या दोन्हींची. बाळांचे आटोपल्यावर अर्धा तास माझ्या कानांसाठी ठेव. नाव नोंदवताना वय शहात्तर लिही.

जीपमध्ये एक जागा रिकामी ठेवली आहे. सांडू गुरुवारी नाही म्हणाला, तर शुक्रवारी पुन्हा जाईन, शनिवारीही. संस्कृतीला एक एप्रिलला सहा महिने पुरे होतात.

तुझा
अनंतमामा